वाशी-कोपरखैरणे: सेक्टरातली दुकानं आणि तारांखालच्या नर्सऱ्या

पाणथळ (धागाकर्ता)

वाशीत वाढलेल्या माणसाला एक वाक्य हमखास ऐकावं लागतं: "तुमच्या नव्या मुंबईला कसला आलाय इतिहास?" त्यातून नातेवाईक गिरगाव-दादरचे असले तर विचारूच नका. हे शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको १७ मार्च १९७० ला स्थापन झाली, खाडीवरचा पहिला पूल १९७३ ला सुरू झाला. म्हणजे पन्नाशी केव्हाच उलटली. एवढ्या काळात कितीतरी दुकानं उघडली, नावारूपाला आली, मुलं परदेशी गेली म्हणून बंद झाली. त्यांची नोंद कुठेच नाही. किल्ल्यांवर, लेण्यांवर लिहायला पुष्कळ लोक आहेत. सेक्टरच्या मार्केटमधल्या पिठाच्या गिरणीवर कोण लिहिणार?

म्हणून हा धागा. दोन अटी. चालू दुकानाची जाहिरात नको, आणि कुणाचा वाईट अनुभव आला असेल तर नाव न घेता लिहा.

माझ्यापासून सुरुवात करतो. आमचं बिऱ्हाड परळहून वाशीला आलं ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. सेक्टरच्या नकाशात शाळा, मैदान आणि बाजार चालत जाण्याच्या अंतरावर आखलेले होते. गाळे बांधून तयार, दुकानदार मात्र यायचे होते. वाणी, दूधकेंद्र, रेशन, गिरणी, एक शिंपी, बास. बाकीची शटरं खाली. शाळेचा गणवेश, चपला, लग्नाचा आहेर, कुकरची रिंगसुद्धा चेंबूरहून यायची. "चेंबूरला जातोय, कुणाला काही हवंय का?" असं जिन्यात ओरडून विचारायची पद्धत होती. लोकल मानखुर्दलाच संपायची, तिथून पुढे बस. मे १९९२ मध्ये लोकल वाशीपर्यंत आली तेव्हा वडील म्हणाले होते, आता इथली दुकानं बसणार, सगळे गाडी पकडून दादरला जाणार. झालं उलटंच. सेक्टर १७ भरला तो त्यानंतर.

आणि एक प्रश्न, जाणकारांनी सांगावं. वाशीकडून कोपरखैरणे, घणसोली, ऐरोलीकडे जाताना नर्सऱ्या दिसतात त्या बहुतेक विजेच्या मोठ्या टॉवरच्या रांगेतच का?

खवय्या_तुर्भे

वाचतोय. मेघराज टॉकीजबद्दल कुणीतरी लिहा. पिक्चर सुटल्यावर खायला काय मिळायचं ते आधी.

नकाशेवाला

पाणथळ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. अतिउच्च दाबाच्या वाहिन्या जिथून जातात तिथे खाली पट्टा मोकळा ठेवावाच लागतो. इमारत बांधता येत नाही, उंच वाढणारं झाडही चालत नाही. आता शहराच्या मधोमध अशी लांबलचक पट्टी रिकामी पडली तर तिचं काय होतं हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे: आधी डेब्रिज, मग भंगार, मग पत्र्याची शेड. त्यापेक्षा तिथे रोपवाटिका असलेली बरी. पिशवीतलं रोप गुडघ्याएवढं, फार तर माणसाएवढं. विकलं गेलं की निघून जातं. तारेपर्यंत पोचण्याची त्याला सवडच मिळत नाही.

माझं मत विचाराल तर नव्या मुंबईतली सगळ्यात जुनी हिरवळ ही योजनेतल्या उद्यानांची नाही, या उरलेल्या जागांची आहे. कोपरखैरण्याचं निसर्ग उद्यान घ्या. ते आहे जुन्या डम्पिंग ग्राउंडवर. कचरा टाकून टाकून जमीन इमारतीच्या कामाची राहिली नाही, म्हणून बाग झाली. जिथे बांधता येत नाही तिथे झाडं, हा आपल्याकडचा अलिखित नियम आहे.

दुकानांचं म्हणाल तर आराखडा करणाऱ्यांनी दुकानं सेक्टरच्या पोटात ठेवली होती, म्हणजे बाईमाणसाला मोठा रस्ता ओलांडावा लागू नये. कल्पना उत्तम. दुकानदाराला मात्र मोठा रस्ताच हवा असतो. त्यामुळे आतली मार्केटं वाणी-भाजीवाल्यावर तगली आणि झगमगाट गेला बाहेरच्या रस्त्याला. सिडकोची एसएस टाइपची छोटी घरं बघा. तळमजल्यावरची पुढची खोली आज सलून, उद्या झेरॉक्स, परवा मोबाइल रिपेअर. नियमात बसो न बसो, गरज पडली की भिंतीला शटर लागतं.

गच्चीवरची

नकाशेवाला, नर्सरीच्या जागेचं पटलं. पण या नर्सऱ्या नुसत्या रोपांवर जगत नाहीत हे सांगायचं राहिलं. त्या जगतात मातीवर.

वाशीत माती नाहीच. आमच्या सोसायटीच्या आवारात तुळशीवृंदावनासाठी खणायला घेतलं तर वीतभर खाली मुरूम, त्याखाली राखाडी चिकण, आणि तिला खाडीचा वास. भरावावर वसलेलं गाव, दुसरं काय निघणार. उन्हाळ्यात कुंपणाच्या कडेला जमिनीवर पांढरी पापुद्री धरते, ते मीठ. त्यात मोगरा लावला तर पानांच्या कडा आधी करपतात, मग कळ्या न उमलताच गळतात. बोगनवेल, कण्हेर तेवढी दाद देत नाहीत.

म्हणून इथल्या बाईने नर्सरीत पाऊल टाकलं की पहिली वस्तू घ्यायची ती लाल मातीची गोणी. माझ्या सासूबाई अलिबागच्या. त्यांना माती पैसे देऊन घ्यायची याची इतकी लाज वाटायची की पहिली काही वर्षं त्या माहेरून येताना एसटीत पिशवी घालून आणायच्या. कंडक्टर लगेजचं तिकीट फाडायचा तो वाद वेगळा.

बाकी नर्सरीतली खरेदी ही कला आहे. फुललेलं रोप घ्यायचं नाही, कळ्या असलेलं घ्यायचं. पिशवी उचलून बुडाशी बघायचं: मुळं भोकातून बाहेर येऊन गोल गोल फिरलेली असतील तर ते रोप फार दिवस पडून आहे. पानाच्या मागे, खोडाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर पिठ्या ढेकूण. हात न लावता पुढे जायचं. आणि कलमी म्हणून सांगितलेल्या झाडाचा सांधा दाखवायला सांगायचं. मला एकीकडे कलमी आंबा म्हणून चक्क कोयीचं रोप दिलं होतं. चार पावसाळे झाले, पाला भरपूर, मोहोराचा पत्ता नाही.

मिठागर

चर्चा छान चाललीय, पण सगळ्यांची घड्याळं १९७० ला सुरू होतात हे बघून गंमत वाटली. सिडकोने ताब्यात घेतलेली जमीन रिकामी नव्हती. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावं होती ती. आम्ही त्यातल्याच एका गावचे, आगरी. कोळीवाडा शेजारीच.

गच्चीवरची ताई, तुम्ही मातीला खारट म्हणता त्याच मातीत आमच्या आज्याने भात पिकवला. कसा, ते सांगतो. खाडीच्या कडेने मातीचा बांध घालायचा. बांधाला ठिकठिकाणी उघाडी, म्हणजे फळीचं दार. भरती आली की पाण्याच्या दाबाने दार आपोआप बंद, ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी बाहेर. पावसाळ्यात वरचं मीठ धुतलं जायचं आणि मगच लावणी. बांधाला खेकड्याने भोक पाडलं आणि वेळेवर बुजवलं नाही तर एका उधाणात शेत तीन वर्षं बाद. म्हणून आमावस्या-पुनवेला गावातली माणसं रात्री बांधावर. आजी म्हणायची, "ती जमीन नाय रं, उसनी आनलेली खाडी हाय." हे काही आमच्याच घरचं कसब नव्हे. पनवेलला खारभूमी संशोधन केंद्र आहे, तिथे खाऱ्या जमिनीसाठी भाताचे वाण काढले, पनवेल १, २, ३ या नावाने.

दुकान म्हणाल तर गावात दुकान होतंच. एकच. त्यात रॉकेल, गूळ, विडी, सुतळी, जाळं विणायचा दोरा आणि उधारीची वही. आगोटीला, म्हणजे पावसाळा तोंडावर आला की, चार महिन्यांची भरणी व्हायची. मीठ कुणी विकत घेत नसे, हे सांगायला नको.

जमिनीच्या मोबदल्यासाठी आमची माणसं रस्त्यावर उतरली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतके विकसित भूखंड परत मिळाले ते त्यातून. त्या भूखंडांवर इमारती उठल्या आणि खाली गाळे. आज तुम्ही ज्या दुकानातून दूध आणता त्याचं भाडं कदाचित आमच्यातल्याच कुणाच्या घरी जातं. दुकानांचा इतिहास लिहायचा तर हेही लिहा.

नकाशेवाला

मिठागर दादा, सलाम. तुम्ही सांगितलेली उघाडी आजही चालू आहे, फक्त सिमेंटची झालीय. वाशी, कोपरखैरणे, सानपाडा, नेरूळ हा बराचसा भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली. म्हणून सिडकोने धारण तलाव बांधले. नाल्यांचं पाणी तलावात यायचं आणि तलावाला खाडीच्या तोंडाशी झडपा. भरतीत झडप बंद, ओहोटीत उघडी. याला डच पद्धत म्हणतात आणि त्याचं कौतुकही पुष्कळ होतं. आगरी पद्धत म्हटलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं?

पुढची अडचण अशी की तलावांत गाळ साचला, गाळात तिवरं उगवली, आणि कांदळवनाला हात लावायचा तर उच्च न्यायालयाची परवानगी लागते. मोठा पाऊस आणि मोठी भरती एकाच दिवशी आली की सखल सेक्टरांत दुकानदार फळ्या लावून, माल वरच्या फळीवर चढवून बसतात. सेक्टर मार्केटच्या जुन्या दुकानांना दोन-तीन पायऱ्या का असतात हे एकदा नीट बघा.

माथाडीचा_नातू

कोपरखैरण्याहून हजेरी.

आजोबा साताऱ्याकडचे, मशीद बंदरला दाणा बंदरात पाठीवर गोणी. १९६९ चा माथाडी कायदा झाल्यावर बोर्डात नाव लागलं. घाऊक बाजार मुंबईतून इकडे हलवायला सुरुवात झाली तेव्हा आधी आला कांदा-बटाटा, भाजी आणि फळं आली १९९६ ला. माथाडींना कोपरखैरणे, घणसोलीत घरं मिळाली आणि सगळी आळीच्या आळी खाडी ओलांडून आली. त्यांच्यामागून त्यांची दुकानं. आमच्या कोपऱ्यावर खानावळ होती, बाजरीची भाकरी आणि पिठलं, पहाटे तीनला चुली पेटायच्या कारण गाड्या तेव्हाच लागायच्या. शेजारी न्हावी, तोही गावचाच. रविवारी त्याच्या बाकड्यावर बसून कोरेगाव-पाटणचं राजकारण ठरायचं.

मॉलवाल्या वाशीला एपीएमसी, म्हणजे हा घाऊक बाजार, नुसती ट्रकची कटकट वाटते. पण या बाजारामुळे कसली कसली दुकानं उभी राहिली ते कुणी बघत नाही. बारदानवाले, वजनकाटे दुरुस्त करणारे, ताडपत्री शिवणारे, हातगाडीची चाकं बनवणारे. यातलं एकही दुकान सिडकोच्या नकाशात नसेल.

गच्चीवरची ताई, तुमच्या कामाची गोष्ट. आंब्याच्या हंगामात फळ मार्केटच्या बाहेर पेट्यांतला पेंढा ढिगाने पडलेला असतो. माझी आई तो गोणीत भरून आणते आणि कुंड्यांवर पसरते. मे महिन्यात दोन वेळचं पाणी एकावर येतं. थर्माकोलच्या पेट्या आणा, बुडाला भोकं पाडा, पालेभाजी उत्तम येते. आईची मेथी त्यातच असते.

गच्चीवरची

पेंढ्याचं माहीत नव्हतं! या मे महिन्यात नवऱ्याला पहाटे पिटाळते.

खवय्या_तुर्भे

मेघराज???

पाणथळ

खवय्या, मेघराजला पिक्चर बघितलेत, बाहेर काय खाल्लं ते खरंच आठवत नाही. भेळ असावी. मॉल आले, सेंटर वन, मग रघुलीला, इनऑर्बिट, आणि पिक्चर बघायचं ठिकाण बदललं. मॉलबद्दल मला फारसं लिहावंसं वाटत नाही. त्यातली दुकानं पुण्यालाही तीच, बंगळुरूलाही तीच.

मिठागर दादा, माथाडीचा नातू, तुम्ही दोघांनी धागा कुठल्या कुठे नेलात. मला वाटलं होतं पिठाच्या गिरणीवर गप्पा होतील.

रोपवाला

नेहमी नुसता वाचतो, आज लिहितोय. तारांखालच्या नर्सरीत वाढलो. काकांचा धंदा, मी आता बघतो. नाव-गाव विचारू नका.

रोपं आम्ही तयार करतो असा लोकांचा समज असतो. थोडीफार करतो: कढीपत्ता, गवती चहा, अडुळसा, मनी प्लांट, तुळस. बाकी माल बाहेरचा. शोभेची झाडं आणि मोठा माल आंध्रातून, राजमुंद्रीजवळच्या कडियमहून. ट्रक येतो तेव्हा रोपं एकावर एक आडवी रचलेली असतात, उतरवल्यावर आठ दिवस सावलीत ठेवून सावरावी लागतात. जो नर्सरीवाला ट्रक उतरताच विकतो त्याच्याकडून घेऊ नका. पुण्याजवळ उरुळी कांचनला नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत, गुलाब-शेवंती तिकडून. आंबा, काजू, सोनचाफ्याची कलमं कोकणातून.

वर्षाचं गणित असं. पावसाचा पहिला महिना आमची दिवाळी. गणपतीत पत्री आणि दुर्वा, दसऱ्याला झेंडू, थंडीत शेवंती आणि डिसेंबरात ते लाल पानांचं पॉइन्सेटिया. उरलेल्या वेळी ऑफिसं तारतात. महापे, ऐरोलीच्या कंपन्यांना झाडं भाड्याने जातात. अरेका पाम, स्नेक प्लांट, सिंगोनियम. एसीत पंधरा दिवस राहून पिवळं पडलं की परत आणायचं, उन्हा-सावलीत बरं करायचं, दुसरं पाठवायचं. माझ्याकडे एक कोपरा खास या आजारी पामांचा आहे.

तारांखाली राहायचं तर काही गोष्टी अंगवळणी पडतात. पावसाळ्यात हवा दमट असली की वर तारा सतत करकरतात. नवीन कामगार पहिली रात्र झोपत नाही. लोखंडी पाइपाचा उंच मांडव घालायचा नाही, बांबू आणि हिरवं जाळं, तेही बेताच्या उंचीचं. शेवगा कुणाच्या नजरेआड वाढला की लाइनवाले येऊन छाटतात.

आणि नकाशेवाला साहेब, तुमचं "जिथे बांधता येत नाही तिथे झाडं" हे पटलं, पण त्याच्यापुढे एक ओळ घाला. झाडं आहेत तोवर जागा स्वच्छ राहते, रस्ता होतो, दिवे येतात. मग त्याच जागेवर इतरांचाही डोळा जातो. आमच्या धंद्यातल्या काहींनी नर्सरीच्या नावाखाली भलतंच सुरू केलं, चहाची टपरी, फर्निचर, गाड्यांचं पार्किंग, ते मी नाकारत नाही. पण कारवाई आली की ती सगळ्यांवर येते. कुंडी आणि टपरी एकाच टेम्पोत भरली जाते.

नकाशेवाला

घातली ती ओळ. पण टपरीवाल्यांची बाजूही ऐकायला हवी. नर्सरीत आलेला माणूस तासभर रेंगाळतो, त्याला चहा लागणारच.

मिठागर

रोपवाला भाऊ, जागा भाड्याची, पाणी टँकरचं, माल आंध्राचा, गिऱ्हाईक मुंबईचं. तरी धंदा उभा आहे म्हणजे कमाल आहे.

तुमच्याकडे आगरी गावातली माणसं कामाला आहेत का? विचारतोय कारण माझ्या आईने काही वर्षं एका नर्सरीत पिशव्या भरायचं काम केलं. स्वतःच्या शेतावर गेलेली बाई, दुसऱ्याच्या मातीच्या पिशव्या भरायला बसली. ती कधी कुरकुरली नाही, उलट शेणखत कमी घातलं म्हणून मालकाला झापायची. शेवटी मालक खत तिलाच विचारून मिसळायला लागला.

रोपवाला

आहेत दादा. पिशव्या भरणाऱ्या दोघी आसपासच्या गावातल्याच, पाणी घालणारी आणि माल उचलणारी पोरं उत्तर प्रदेशची. खताचं प्रमाण आमच्याकडेही बायकाच ठरवतात. दोन घमेली माती, एक शेणखत, एक कोकोपीट, मूठभर नीमपेंड. पावसाळ्यात कोकोपीट कमी करून जाडी रेती. पुस्तकात काहीही लिहिलेलं असो.

माथाडीचा_नातू

पूर्वी कोपरखैरण्यात दारावर हातगाडीवरून रोपं विकणारा यायचा, गाडीवर तुळस, मोगरा, गुलाब. तो तुमच्याकडूनच माल घ्यायचा का?

रोपवाला

हातगाडीवाले सकाळी सहाला यायचे, उधारीवर माल न्यायचे, संध्याकाळी पैसे. अजून एक-दोन येतात. आता लोक मोबाइलवर रोप मागवतात, खोक्यातून घरी येतं. मला त्याचं वाईट वाटत नाही, कारण खोक्यातलं रोप मेलं की माणूस शेवटी चौकशीला आमच्याकडेच येतो.

पाणथळ

तुमची नर्सरी आहे तिथेच राहणार ना? तुमच्या मघाच्या लिहिण्यावरून शंका आली.

रोपवाला

दिवाळीपर्यंत नक्की. पावसाळ्यात माल हलवत नाहीत, पिशव्या फाटतात आणि मुळं उघडी पडतात. दिवाळीनंतर बघू. पनवेलच्या पुढे एक जागा पाहून ठेवलीय. विहीर आहे, तारा नाहीत. डोक्यावर काही नसलं की मोठी झाडंही करता येतील, चाफा, बकुळ, जे इतकी वर्षं करता आलं नाही. फक्त गिऱ्हाईक तिथवर येणार नाही, आम्हालाच यायला लागेल.

गच्चीवरची

वाशीत पोचवणार का मग? माझ्या मैत्रिणी धरून आठ-दहा घरं सहज होतील.

रोपवाला

पोचवू ताई, आठवड्यातून एकदा टेम्पो काढू. रोपं, खत, कुंड्या सगळं. माती मात्र तुमची तुम्ही बघा. तिच्या वजनाला टेम्पोचं भाडं परवडत नाही.